ज्येष्ठांची प्रार्थनासभा तिसऱ्या महिन्यात का ओसरते?

प्रश्न थोडक्यात असा. उत्तर नागपुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीने साठीपुढच्या सभासदांसाठी महिन्यातून एकदा वेगळी उपासना सुरू केली. पहिल्या सभेला ३४ जण आले, तिसऱ्या सभेला ११. वेळ संध्याकाळी सहाची, जागा मुख्य चर्च, संदेश (प्रवचन) ५० मिनिटांचा, शेवटी समोसा आणि चहा. चिटणीस विचारतात, ज्येष्ठांची आस्था कमी झाली का, आणि वक्ता बदलला तर फरक पडेल का?

आस्थेला बोल लावण्याआधी हे वेळापत्रक पुन्हा वाचा. सहाला सुरू झालेली सभा साडेसातला सुटते. मोतीबिंदू असलेल्या माणसाला अंधारात समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात. सोडायला येणारा मुलगा सहाला कामावरून सुटलेलाच नसतो. चर्चचे छत उंच, आवाज घुमतो, त्यामुळे ५० मिनिटांतली १५ मिनिटेसुद्धा धड कानात पडत नाहीत. जे ऐकू आले नाही त्याला माणूस भिडेखातर दोनदा येतो आणि तिसऱ्यांदा गुडघ्याचे कारण सांगतो. गुडघा खरेच दुखतो, पण तो पहिल्या महिन्यातही दुखत होताच. वक्ता बदलून यातले काहीही सुटणार नाही.

सुरुवात कानापासून करा. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा सगळा आवाज सारखा मंद होत नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, क, फ ही व्यंजने गळतात, स्वर तेवढे ऐकू येतात. म्हणून आजोबा म्हणतात, 'आवाज येतो, पण शब्द समजत नाही.' यावर ओरडणे हा उपाय नाही. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने तिथेच राहतात, आणि काहींच्या कानाला मोठा आवाज टोचतोही. आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवा, वेग कमी करा, वाक्य संपल्यावर एक श्वास थांबा. शास्त्र वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला पाहिजे, कारण ज्येष्ठ नकळत ओठ वाचत असतात. त्याच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो आणि तो आधारही जातो.

सभा मुख्य चर्चमधून उचलून बाजूच्या छोट्या हॉलमध्ये न्या. शेवटची खुर्ची वक्त्यापासून सहा मीटरच्या आत असावी. माईक तोंडापासून चार बोटांवर धरायचा, छातीशी नाही. स्पीकर समोरच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा किंचित वर ठेवा. मिक्सरवरचा 'एको' (आवाज घुमवणारे बटण) शून्यावर आणा. आपल्याकडे साउंडवाल्यांना एकोशिवाय करमत नाही. गाण्यात तो खपतो, वचनाच्या वाचनात मात्र शब्द शब्दावर चढतो. कोणाला कोणत्या कानाने बरे ऐकू येते हे आधी विचारून ठेवा आणि डावा कान चांगला असलेल्याला अशी जागा द्या की वक्ता त्याच्या डाव्या हाताला येईल.

आता नागपूरची खास अडचण. मार्च ते जून कूलरशिवाय सभा होत नाही आणि कूलर चालू असताना सभा ऐकू येत नाही. श्रवणयंत्र लावलेल्याला तर ती घरघर शब्दांच्याही वर ऐकू येते. कूलर सभेच्या तासभर आधी सुरू करा, समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर हॉल थंड होण्याऐवजी दमट होतो. गीतांच्या वेळी तो चालू राहू द्या. शास्त्रवाचन आणि संदेशाच्या वेळी सरळ बंद करा. वीस मिनिटांत हॉल तापत नाही. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा कूलर लावूच नका, पंखा पुरतो.

संदेश १२ ते १५ मिनिटांचा ठेवा. पाळकसाहेबांना हे सांगणे जड जाते, पण सांगावे लागते. विषयही जरा निवडून घ्या. दर महिन्याला मरणाची तयारी आणि स्वर्गाची आशा एवढेच कानी पडले तर माणसाला वाटते, मंडळीने आपला हिशेब मिटवत आणला आहे. शास्त्रात म्हातारपण फार खुल्या नजरेने आले आहे. २ शमुवेल १९ मधला बर्जिल्लय घ्या. ८० वर्षांचा हा माणूस दावीद राजाचे यरुशलेमचे आमंत्रण नाकारतो. खाल्ल्यापिल्ल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, उगाच राजाला भार कशाला, असे तो स्वच्छ सांगतो आणि आपल्या जागी किम्हामाला पाठवतो. या एका उताऱ्यावर ज्येष्ठ जितके मोकळे बोलतात तितके क्वचितच दुसऱ्या कशावर बोलतात. ८५ व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागणारा कालेब (यहोशवा १४), मंदिर न सोडणारी ८४ वर्षांची हन्ना (लूक २), सून सोबत असूनही रिकाम्या हाताने परतल्याची तक्रार करणारी नामी (रूथ १), आणि उपदेशक १२ मधले थकत चाललेल्या देहाचे वर्णन, एवढ्यावर वर्ष सहज निघते.

संदेशात एक गोष्ट कटाक्षाने टाळा. 'विश्वास ठेवला आणि गोळ्या बंद केल्या' अशा साक्षी, म्हणजे सभेत उभे राहून सांगितलेले स्वतःचे अनुभव. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी घरी जाऊन रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी खरेच थांबवतो. साक्ष देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की औषधाचा विषय काढायचा नाही. साक्षीला तीन मिनिटे, आणि माईक त्यांच्या हातात द्यायचा नाही, संयोजकाने शेजारी बसून तो धरायचा. यात अपमान नाही. हात थरथरतो, माईक खाली जातो, आवाज हरवतो, आणि वेळेची दोरीही संयोजकाच्या हाती राहते.

गीतांकडे मी जरा जास्त वेळ देईन, कारण संदेश विसरला तरी गीत घरी जाते. वय वाढते तसा आवाज वरच्या सुरांना पोचत नाही, बायकांचाही उतरतो. तरुण संघाची गायक मंडळी ज्या पट्टीत गातात त्याच पट्टीत ज्येष्ठांना गायला लावले की दुसऱ्या कडव्यापासून हॉल गप्प होतो आणि पेटीवाला एकटाच गात राहतो. पेटीवर दोन ते तीन पट्ट्या खाली या. एरवी काळी दोनमध्ये गात असाल तर इथे पांढरी एक धरा. लय किंचित सावकाश असावी, पण फार ओढू नका, ओढलेल्या ओळीला श्वास पुरत नाही. प्रत्येक कडव्यानंतर पेटीवर एक ओळ नुसती वाजवली की सगळ्यांना दम घेता येतो. चार गीते पुरेत, आणि ती बसूनच.

निवड करताना नवी उपासनागीते बाजूला ठेवा. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजने ज्येष्ठांना पुस्तकाशिवाय येतात, कारण ती अभंगाच्या घाटाची आहेत. पेटी, तबला आणि झांज एवढ्यावर उभी राहतात. चालीची चौकशी मात्र आधी करा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या आणि मिशन परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, ती याच नागपुरात. आज सत्तरी ओलांडलेले सभासद त्या आधीच्या, वेगळ्या मंडळ्यांत वाढलेले आहेत. एकच गीत एका बाकावर एका चालीत आणि मागच्या बाकावर दुसऱ्या चालीत सुरू होते ते त्यामुळे. अशा वेळी एक महिना ही चाल, पुढच्या महिन्यात ती, असे जाहीरच करून टाका. प्रार्थनांचेही तेच. ज्यांनी जी प्रार्थना लहानपणी ज्या शब्दांत पाठ केली, ती त्यांना त्याच शब्दांत म्हणू द्या. घरात हिंदी किंवा तमिळ बोलणारे सदस्य असतील तर प्रभूची प्रार्थना एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हटली तरी गोंधळ होत नाही. स्मृती क्षीण झालेल्यांना नाव आठवत नाही, पण पाठ असलेले गीत आणि ही प्रार्थना बऱ्याचदा आठवते, आणि तेवढ्यापुरते ते सभेत पूर्ण सामील असतात.

गीतांचे कागद १८ ते २० पॉइंटमध्ये छापा. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि अनुस्वार बारीक असतात, म्हणून इंग्रजीला पुरणारा १४ पॉइंट इथे पुरत नाही. एका पानावर एकच गीत, कडवे पान उलटून पुढे जाता कामा नये. चकचकीत कागद नको, दिव्याची तिरीप त्यावर येते. प्रोजेक्टर दिवसा उपयोगाचा नाही.

दिवस आणि वेळ. दुसरा शनिवार सगळ्यात सोयीचा. त्या दिवशी बँका बंद असतात, राज्य सरकारी कार्यालयांनाही शनिवारी सुटी असते, म्हणजे गाडी चालवणारी पिढी घरी सापडते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी अकरा ते साडेबारा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची सकाळ चांगलीच गारठते, त्यामुळे नऊची वेळ ठेवली तर दम्याचे रुग्ण येत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये साडेसात ते नऊ. मे महिन्यात, विशेषतः नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाल्यावर, सभा घेऊच नका. पारा ४५ अंशांवर जातो आणि आठ वाजताच रस्ता भाजू लागतो. जून अखेरपासून सभा पुन्हा सुरू, साडेदहाला. संध्याकाळ बाराही महिने टाळा. एकूण वेळ ९० मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि ४५ व्या मिनिटाला दहा मिनिटांची सुटी जाहीर करून द्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे बरेच असतात. सुटी ठरलेली नसेल तर ते सकाळपासून पाणी पीत नाहीत, किंवा त्या दिवशीची गोळीच टाळतात. दोन्ही वाईट.

वाहनाची व्यवस्था 'ज्याला जमेल त्याने आणावे' यावर सोडली की सभा संपलीच समजा. यादी भागानुसार करा: जरीपटका आणि इंदोरा एकत्र, मेकोसाबाग आणि गड्डीगोदाम एकत्र, सदर आणि मोहननगर एकत्र, बेसा-मनीषनगरकडे राहायला गेलेले वेगळे. एका गाडीत तीनच ज्येष्ठ. चौथा बसवला की मधल्याला उतरता येत नाही. ज्याला जास्त वेळ बसवत नाही त्याला सगळ्यात शेवटी घ्यायचे आणि सगळ्यात आधी सोडायचे. आदल्या संध्याकाळी फोन, आणि वेळ सांगताना 'साडेदहाच्या सुमारास' असे न म्हणता 'दहा चाळीसला गेटवर' असे सांगा, नाहीतर आजी दहापासून उन्हात उभ्या राहतात. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, ऑरेंज लाइन गड्डीगोदाम आणि इंदोऱ्यावरून जाते, त्यामुळे धडधाकट ज्येष्ठ तिने येऊ शकतात. स्टेशनापासून हॉलपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरसाठी एक रिक्षा ठरवून ठेवा. ई-रिक्षात चढणे सोपे, पण धरायला काही नसते आणि खड्ड्यात ती कलते.

खुर्ची हातांची हवी, बसण्याची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर. बिनहातांची प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते आणि उठताना माणूस पडतो. पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर उतार किमान १.८ मीटर लांब करा; लाकडी फळी टाकून केलेला तीव्र उतार पायरीपेक्षा धोक्याचा. संडास कमोडचा, भिंतीला धरायला दांडी, कडी बाहेरून उघडता येणारी, आणि फरशी कोरडी. सभेच्या आधी तिथे पाणी मारून 'स्वच्छ' करण्याची सवय घातक आहे.

उपासनेत 'उभे राहू या' हे शब्द वापरू नका. 'ज्यांना शक्य आहे त्यांनी' असे म्हटले तरी शेजारचा उभा राहिला की सगळेच उठतात. अर्धा तास बसून एकदम उठले की रक्तदाब उतरतो, घेरी येते. सगळेच बसून राहतील असे सुरुवातीलाच सांगा, पाळकसाहेबही खुर्चीवर बसूनच बोलले तर उत्तम.

प्रभुभोजन दर महिन्याला नको, तीन महिन्यांतून एकदा पुरे, पण ते जागेवर नेऊन द्या. लहान पेले अर्धेच भरा. कोरड्या तोंडाला वेफर (प्रभुभोजनाच्या भाकरीची पातळ चकती) टाळूला चिकटतो; तो द्राक्षरसात बुडवून दिला तर सहज जातो. पक्षाघात किंवा कंपवाताच्या रुग्णाला गिळायला त्रास असतो का, हे घरच्यांना आधी विचारा. अशांना अगदी छोटा तुकडा, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली. पेल्यातल्या दोन घोटांनी मधुमेह्याची साखर बिघडत नाही, बिघडते ती उपाशी आल्याने. म्हणून 'उपाशीपोटी यावे' हा जुना आग्रह इथे उघडपणे मागे घ्या. कॅथलिक पॅरिशमध्येही ज्येष्ठांना आणि आजाऱ्यांना कम्युनिअनपूर्वीच्या (प्रभुभोजनाआधीच्या) एका तासाच्या उपवासातून सूट आहे, त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही. कित्येकांना हे कोणी सांगितलेले नसते. त्याच परंपरेत जुलैचा चौथा रविवार २०२१ पासून आजीआजोबांचा आणि ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळतात; त्या महिन्याची सभा त्याला जोडून घेता येते, प्रोटेस्टंट मंडळीनेही घ्यायला हरकत नाही.

आता ज्यावर सभा खरोखर टिकते ते. वरचे सगळे केले आणि ज्येष्ठांना नुसते श्रोते म्हणून बसवले तर गर्दी सहा महिन्यांनी पुन्हा ओसरेल. त्यांच्याकडे काम द्या, आणि ते खरे काम असू द्या. मंडळीची मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना याच गटाकडे सोपवा. प्रत्येकाला पाच नावांची एक चिठ्ठी: परीक्षेला बसलेली मुले, बाळंतपण जवळ आलेल्या मुली, नोकरी शोधणारे, परगावी गेलेले. पुढच्या महिन्यात काय झाले ते त्यांना कळलेच पाहिजे, नाहीतर चिठ्ठी हे नाटक होते. आजाराचे नाव चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सॲपवर त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहायचे नाही. 'प्रकृतीसाठी' एवढे पुरे. शास्त्रवाचन निवृत्त शिक्षकांकडे द्या, पण उतारा आठवडाभर आधी, मोठ्या अक्षरात. जे येऊ शकत नाहीत त्यांना फोन करण्याचे काम येणाऱ्यांमध्ये वाटा, प्रत्येकी दोन घरे. तरुणाने केलेला फोन दोन मिनिटांत संपतो, समवयस्काचा अर्धा तास चालतो, आणि तोच हवा असतो.

टाळ्या वाजवायला लावणारे बालवाडीछाप खेळ नकोत. हॉलमध्ये बसलेली माणसे शाळा चालवून, घरे उभी करून आलेली असतात.

पैशाचा विषय या सभेत काढू नका. दानपेटी दाराशी असू द्या, फिरवू नका. इमारत निधीचे आवाहन तर मुळीच नको. मृत्युपत्राबद्दल माहिती हवी असेल तर वेगळ्या दिवशी वकील बोलवा, आणि मंडळीला देणगी हा मुद्दा त्यात येऊ देऊ नका. एक जुना समज मात्र अजून ऐकू येतो, तो तेव्हा दूर करून घ्या: जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाने मृत्यूच्या बारा महिने आधी केलेले नसेल तर धर्मादाय मृत्युपत्र चालत नाही, हे भारतीय वारसा कायदा १९२५ चे कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले आहे.

खाण्याचे थोडक्यात. समोसा बंद. तर्री-पोह्यांचा मोह होतो, पण तर्रीचा तिखटपणा आणि पोह्यांतले शेंगदाणे कवळी लावणाऱ्यांसाठी नाहीत. मऊ उपमा करा, २५ जणांना सव्वा किलो रवा पुरतो. चहा बिनसाखरेचाच करा आणि साखर वेगळी ठेवा. दोन थर्मास ठेवले की अदलाबदल होतेच. संत्री स्वस्त असली तरी मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियममुळे ती मोजून खावी लागतात, म्हणून सरसकट हातात ठेवू नका. कोणाला घाम फुटला, हात थरथरले, बोलणे असंबद्ध झाले तर साखर उतरली असे धरा: तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही नाही, थेट १०८. प्रत्येकाच्या नावाचे एक कार्ड ठेवा: औषधे, घरचा फोन, नेहमीचे डॉक्टर.

तुमच्या ३४ जणांच्या यादीतले २३ परतवायचे असतील तर पुढची सभा लगेच जाहीर करू नका. आधी महिनाभर घरोघरी जा, दोघे मिळून, आणि चारच गोष्टी विचारा: औषधांच्या वेळा काय, आणून कोण सोडेल, कोणत्या कानाने ऐकू येते, आणि कोणते गीत म्हणायला आवडेल. का आला नाहीत, हे विचारायचे नाही. त्याचे उत्तर पहिल्या तिन्हींत आपोआप मिळते. पहिल्या सभेत चौथ्या प्रश्नाच्या उत्तरांतूनच चार गीते निवडा आणि गीत सुरू करताना ते कोणी सुचवले ते नाव घ्या. संख्या १५ ते २५ राहिली तर गट चांगला चालतो. ३० च्या वर गेली की भागानुसार दोन गट करा, एका हॉलमध्ये कोंबू नका. लागोपाठ दोन सभा चुकलेल्या माणसाच्या घरी तिसऱ्या सभेच्या आधी कोणीतरी जाऊन आलेच पाहिजे. मे महिन्यात सभा नसते तेव्हा हाच क्रम उलटा चालवा: सकाळी साताच्या आत दोन-दोन घरे, एक गीत, एक स्तोत्र, प्रार्थना, वीस मिनिटांत बाहेर.